तमरीन की तरनीम

परवा दुपारी मी आमच्या घरातला धडधाकट फ्रिज बंद पाडला. रियाधमध्ये जानेवारीत थंडी चांगली बोचते. जेवून पायावर शाल घेऊन पडलो होतो, तर भिंतीतून घरघर ऐकू यायला लागली. खालच्या पट्टीतली, लांबलचक, थांबायचं नाव नाही. मी पडलो एक्स-रे टेक्निशियन. यंत्रांच्या सहवासात हयात गेली, त्यामुळे यंत्र आजारी पडलं की सगळ्यांत आधी आपल्यालाच कळतं असा माझा एक समज आहे. "कॉम्प्रेसर गेला," असं मी जाहीर केलं आणि फ्रिजची वायर उपटली. घरघर चालूच. मग स्टुलावर चढून मेन स्विचच पाडला. तेव्हा ती थांबली आणि आतल्या खोलीतून आमच्या ऋचाचा आवाज आला, "बाबा, व्हॉट हॅव यू डन? नेट गेलं."

तिची बोर्डाची परीक्षा जवळ आली आहे. अभ्यास करताना या पोरांना कानाशी काहीतरी वाजत असावं लागतं. त्या दिवशी ऑर्गन वाजत होता, चर्चमधला, पाइपांचा.

"जिंकलात?" शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं. तिने येऊन स्विच वर केला. फ्रिज सुरू झाला, नेट आलं, आणि ऋचाने तो तुकडा पहिल्यापासून लावला. आधी एकच आवाज, एकटाच जिना चढून जाणारा. मग तेच वाक्य म्हणत मागून दुसरा. मग तिसरा. आणि तळातून ती मघाची घरघर, पायांनी वाजवायची. माझे हात शाल घडी करता करता थांबले.

"हे त्या मोठ्या जर्मन बुवाचं," मी म्हणालो. घरात संगीतातलं मला काही कळतं असं कोणी मानत नाही, म्हणून जरा जोरातच म्हणालो.

ऋचाने पडद्यावर वाचलं. "इट सेज़ डाउटफुल, बाबा. ओरिजिनली कोरस होता. मग कुणीतरी वर्ड्स काढून ऑर्गनसाठी केला. त्यानेच केला असेल, नाहीतर कुणी स्टुडंटने. नोबडी नोज़."

मला ते माहीत होतं. वीसेक वर्षांपूर्वी हेच मला एका माणसाने सांगितलं होतं, पायात मोजे घालून, लादीवर बसून.

*

त्याचं नाव पास्कल. वसईकडचा. मी कऱ्हाडचा. पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफ गावाजवळ एका खाजगी दवाखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो आणि एका खोलीत राहायचो. तो ऑक्सिजनच्या पाइपलाइनी सांभाळायचा. तळघरात त्याचे सिलिंडर रांगेत उभे असत, तिथून भिंतींतल्या नळ्यांतून ऑक्सिजन प्रत्येक खाटेपर्यंत जायचा. गावाकडे तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. "दोन्ही एकच रे कदम," तो म्हणायचा. "हवा भरायची, नळीत सोडायची, गळती होऊ द्यायची नाही. तिकडे लोक गातात, इकडे जगतात."

इथे चर्चचा प्रश्नच नव्हता; दुसऱ्या धर्माची प्रार्थना उघड करायलाही बंदी. त्याने जवळच्या खोबर शहरातल्या दुकानातून एक छोटा कीबोर्ड आणला होता. ड्यूटीवरून आला की कानाला हेडफोन लावून तो वाजवत बसायचा. मला ऐकू यायची फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक. ऑर्गनला खाली पायांनी वाजवायच्याही पट्ट्या असतात, त्या या खेळण्याला कुठून असणार? पण पास्कलचे पाय स्वस्थ बसत नसत. मोज्यांतले पाय लादीवर डावीकडे उजवीकडे सरकत राहायचे, नसलेल्या पट्ट्या दाबत. मी चहा घेऊन आलो की त्या पायांवरून उडी मारून जायचो.

त्याच्याकडे नोटेशनचा एकच कागद होता, झेरॉक्सची झेरॉक्स, ऑक्सिजनच्या मॅन्युअलमध्ये ठेवलेला. तो हा तुकडा. कागदावर वर लिहिलेलं फ्यूग म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "चौघं भांडतात, पण चौघांचं म्हणणं एकच." मूळ गाणं होतं, कोरसने गायचं. त्याचे शब्द पापातून सुटका होण्याचे. कुणीतरी ते शब्द काढून घेतले, साथीची वाद्यं गाळली, शेपूट कापलं आणि उरलेलं ऑर्गनवर बसवलं. "कोणी केलं ते ठाऊक नाही. पण इथे बरं पडतं. शब्दच नाहीत, तर कोण काय पकडणार?"

आणि तो हसला. पास्कल हसला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्यामुळे तो हसतोय की वैतागलाय ते नवख्या माणसाला कळत नसे.

*

तो हिवाळा आखाती युद्धाचा होता. खिडक्यांवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या, काच फुटली तर उडू नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली मोठी, म्हणून तीच, विषारी वायूच्या भीतीने, प्लॅस्टिकने मढवून सगळ्यांसाठी राखलेली. भोंगा झाला की सहा जण तिच्यात जमायचे, दाराखाली ओला टॉवेल सरकवायचा, तोंडावर मास्क चढवायचे. मास्कच्या आत रबराचा आणि आपल्याच श्वासाचा वास. नवीन चपलेचं खोकं मी आजही खिडकीशी नेऊन उघडतो. बाहेर खजुराची झाडं, मासळीचा वास घेऊन येणारा दमट वारा, आणि मधूनच खिडक्या थरथरवणारा धडाका, आपला की त्यांचा ते कळायचं नाही. गावाकडून पत्रं यायची बंद झाली होती. माझी आई कऱ्हाडात टीव्हीसमोर बसून वाळवंट दिसलं की त्यात मला शोधायची, असं शुभांगीने नंतर सांगितलं.

शुभांगी. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि सोबत राहिलो होतो दीड महिना. कुटुंब आणायला दवाखान्याचा फ्लॅट लागे, आणि फ्लॅट होते मोजून चार. युद्ध सुरू होताच एक डॉक्टर बायकामुलांना घेऊन मायदेशी पळाला. एक फ्लॅट रिकामा. जे पळाले नाहीत त्यांच्यातल्या एकाला तो मिळणार, असं मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, सांगून टाकलं. यादीत पहिलं नाव पास्कलचं. सहा वर्षं तो थांबला होता. बायको रेजिना, चार वर्षांची मुलगी. दुसरं नाव माझं.

ही यादी ऑफिसच्या दाराआड टाचणीने लावली होती. मी दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून ऑफिसात जायचो. दोन नावांची यादी पुन्हा पुन्हा काय वाचायची, पण मी वाचायचो.

दवाखान्याची गाडी चालवणारे अब्बासभाई रत्नागिरीकडचे. पंचवीस वर्षं इथे काढलेली, अरबी बोलले की अरबही वळून बघत. फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडे. गॅसची लाइन तपासायची म्हणून पास्कलने ती एकदा मागून घेतली आणि टेप घेऊन तासभर वर राहून आला.

"लाइन बरी आहे का रे?" अब्बासभाईंनी विचारलं.

"रेजिनाचं शिलाई मशीन मावतंय," पास्कल म्हणाला.

अब्बासभाई खो खो हसले. "अरे मग मला पण एक लेंगा शिवून दे म्हणावं. हितले दर्जी मापात माझ्या पोटाला धरीतच नाहीत."

मीही हसलो. मला हसायला कधी त्रास पडत नाही.

*

एका संध्याकाळी, मगरिबची अजान होऊन गेल्यावर भोंगा झाला आणि बराच वेळ सुटकेचा भोंगा वाजेना. सहा जण भिंतीला टेकून बसलो होतो. लॅबमधला एक केरळचा गृहस्थ, चांगला पन्नाशीचा, मास्कच्या आत रडायला लागला. मास्कमध्ये रडलं की काचेवर वाफ धरते आणि माणूस आंधळा होतो. तो मास्क ओढून काढायला लागला, दोघांनी त्याचे हात धरले. तेव्हा पास्कलने कीबोर्ड मांडीवर घेतला आणि हेडफोनची पिन काढली.

टकटक मी सहा महिने ऐकली होती. त्या टकटकीच्या आत हे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक आवाज निघाला. मग दुसरा त्याच्या मागून. खालचा आवाज कुठून येणार, तर पास्कलच्या पायांकडे बघून तो मी माझ्या डोक्यात लावून घेतला. केरळचा गृहस्थ निवला. दोघांनी त्याचे हात सोडले. पुढे चार-पाच संध्याकाळी तेच झालं.

मग शेजारच्या इमारतीतून तक्रार आली: भोंगा वाजत असताना वर कोणी चर्चची गाणी वाजवतं.

मुदीर वाईट माणूस नव्हता. आपल्या माणसांना मास्क मिळावेत म्हणून तो स्वतः तीन ऑफिसं फिरला होता. त्याने मला बोलावलं, कारण आमच्या खोलीत थोडंफार अरबी येणारा मी. छोट्या ग्लासातला चहा पुढे केला आणि विचारलं, "कदम, ती धून कसली?"

आता माझ्या जिभेविषयी सांगायला हवं. लहानपणापासून माझी अक्षरं जागा बदलतात. मतलबचं मतबल, नुकसानचं नुस्कान, चाकूचं काचू. मराठी मुलखात निम्म्या लोकांचं होतं तसंच. अरबीत सरावाला, प्रॅक्टिसला तमरीन म्हणतात. 'सराव करतो बिचारा, बोटांचा व्यायाम' एवढंच मला म्हणायचं होतं. आणि तोंडातून निघालं, तरनीम.

तरनीम म्हणजे ख्रिस्ती लोकांचं भक्तिगीत.

*

ही गोष्ट मी वीस वर्षं सांगत आलोय. लग्नाकार्यात, दिवाळीला, इथल्या मराठी मंडळींच्या सहलीत. "कदम, ती तरनीमची सांगा," अशी फर्माईश होते. मी तोंडाला वाटी लावून मास्कमधून बोलल्यासारखा आवाज काढतो. मुदीर मास्कमधून विचारतो, मी मास्कमधून सांगतो, त्याला एक ऐकू येतं, मला दुसरं. शेवटी पास्कलला फुकटात घरी जायला मिळतं आणि तो विमानातून मला हात करतो. लोक पोट धरून हसतात. शुभांगी शेजारी बसून मधेमधे पदरची भर घालते, "अहो, जीभ कसली, त्यांचं सगळंच उलटं."

माझी ही आवृत्तीही कुणीतरी शब्द काढून टाकलेली आहे.

मास्क आमच्या तोंडावर नव्हते. दिवसाची अकराची वेळ, मास्क कमरेच्या पिशवीत. मुदीरने माझं नीट ऐकलं होतं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, दाराकडे एकदा पाहिलं, आणि लहान मुलाला विचारावं तसं हळू, सुटंसुटं विचारलं, "कदम. तमरीन? की तरनीम?"

त्याने दोन्ही शब्द माझ्यासमोर ठेवले होते, आणि हवा तो आधी ठेवला होता. मी 'तमरीन' म्हणालो असतो तर त्याने तक्रारीचा कागद दुमडून खणात टाकला असता. त्याच्या चेहऱ्यावरच ते होतं.

मी म्हणालो, "तरनीम."

मला दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले, परक्या भाषेत असं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण पास्कल आणि मी मिळून एका वहीत अरबी शब्द लिहायचो, देवनागरीत. त्यातल्या एका पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'तरनीम – आमची गाणी. हा शब्द इथे काढायचा नाही.' ते पान मी वाचलेलं होतं. त्यावर माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.

आणि मुदीरच्या मागे, उघड्या दाराच्या आतल्या बाजूला, टाचणीने लावलेली ती यादी होती. तिच्याकडे मी पाहिलं का? पाहिलं असेन. रोज दोनदा पाहायचो, त्या दिवशी नेमकं पाहिलं नसेल असं कशावरून? पहिला शब्द जिभेने म्हटला, हे मी शपथेवर सांगेन. दुसरा कोणी म्हटला, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. त्या जर्मन तुकड्यावर निदान 'संशयास्पद' असं लिहिलेलं तरी असतं.

*

पास्कलला कोणी शिक्षा केली नाही. प्रकरण वर जाण्याआधी मुदीरने त्याच्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का मारून घेतला, म्हणजे जा आणि परत येऊ नकोस. विमानं जवळून सुटत नव्हती, बसने जेद्द्याला जायचं होतं. बॅग भरताना त्याने मला विचारलं, "कदम, मुदीरला कोणी सांगितलं असेल?"

मी त्याचा टॉवेल घडी करत होतो. म्हणालो, "कोणास ठाऊक."

त्याने हेडफोनची वायर गुंडाळली. मग म्हणाला, "इतकं अरबी एकालाच येतं आपल्यात."

मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. एक शब्द पुरला असता. 'छे' एवढं जरी म्हटलं असतं.

बसपाशी अब्बासभाई खजुरांचा डबा घेऊन आले. "पोरीला दे. सांग, रत्नांग्रीच्या चाच्यानं दिलाय." पास्कलने डबा घेतला नाही. अब्बासभाईंचा पुढे आलेला हात तसाच ठेवून तो बसमध्ये चढला. कपाळाला आठ्या होत्या, आणि त्या वेळी तो हसत नव्हता हे नवख्यालाही कळलं असतं.

परत येताना गाडीत अब्बासभाई म्हणाले, "पास्कल असा का रे वागला? माझं काय चुकलं?"

"घाईत होता," मी म्हणालो.

त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी ते खजूर खाल्ले. आठवडाभर पुरले.

*

फेब्रुवारी संपता संपता युद्ध संपलं, पण आकाश काही सुधारलं नाही. उत्तरेकडे तेलाच्या विहिरी जळत होत्या. वारा फिरला की दुपारी दिवे लावायला लागत, आणि दोरीवरचे पांढरे कोट काळ्या ठिपक्यांनी भरत. फ्लॅट मला मिळाला. जूनमध्ये शुभांगी आली. पहिले आठ दिवस तिने नुसती काजळी पुसली. बेडरूमच्या भिंतीवर तिला पेन्सिलीच्या दोन खुणा सापडल्या, मधलं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं. "हे काय हो?"

"आधीच्या डॉक्टरचं असेल."

तिने ओल्या फडक्याने ते पुसून टाकलं. आमचा संसार तिथे सुरू झाला आणि चांगला झाला, हे लिहायलाही मला लाज वाटते. दारिद्र्य आलं असतं, भांडणं झाली असती, तर हिशेब चुकता झाला असं म्हणता आलं असतं. तसं काही झालं नाही. पाच वर्षांनी ऋचा झाली.

शुभांगी आली त्याच वर्षीच्या नाताळात पास्कलचं कार्ड आलं. मुलगी शाळेत जाते, तो एका कारखान्यात फिटर आहे, रविवारी वाजवतो. आणि खाली एक ओळ: 'अब्बासला सांग, मी त्याला माफ केलं.'

हा निरोप मी कसा पोचवणार होतो? माफी चुकीच्या पत्त्यावर आली होती आणि बरोबर पत्ता फक्त मला माहीत होता. अब्बासभाई त्या काळात आमच्याकडे दर शुक्रवारी जेवायला येत. शुभांगीच्या हातची आमटी त्यांना आवडायची. ते कार्ड मी एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घालून टाकलं. उत्तर लिहिलं नाही. पुढे कार्डंही थांबली.

मग ही गोष्ट मी पहिल्यांदा विनोदी करून सांगितली ती बहुधा अब्बासभाईंसमोरच, जेवणं झाल्यावर. तक्रार, धून, जिभेची गंमत. दुसरा प्रश्न गाळून. ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे तुझ्या जिभेनं केलं ते. आणि मी उगाच म्हणत होतो, त्या पास्कलला माझा कसला राग आला असंल." आणि पुन्हा हसले. तेव्हा मला कळलं की नीट सांगितली तर ही गोष्ट सगळ्यांना सोडवते.

*

परवा ऋचाने पुस्तकात डोकं घालता घालता विचारलं, "पण बाबा, समवन मस्ट हॅव डन इट, ना? असं कसं कुणालाच माहीत नाही?"

मी शालीची राहिलेली घडी घातली. बाहेर आलो, शुभांगी मेथी निवडत होती तिच्या समोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दिवसाचे अकरा वाजलेले, मुदीरचा दुसरा प्रश्न, वही, यादी, बस, कार्ड. विनोद न करता सांगायची सवय नसल्यामुळे मी मधेमधे अडखळत होतो, आणि एकदोनदा हात आपोआप तोंडाकडे गेला, तो आवाज काढायला.

तिने सगळं ऐकलं. मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या, पानं एका बाजूला. ऋचाच्या खोलीतला ऑर्गन कधीच थांबला होता.

अब्बासभाई आता गावी असतात. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. ईदला शुभांगीच त्यांना फोन लावते आणि बोलून झालं की माझ्या हातात देते.

"मी अब्बासभाईंना फोन करतो," मी म्हणालो. "आजच करतो. त्यांना सगळं सांगतो."

शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नका करू," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना पुन्हा हसवाल."